ब्रशचा नमुना आणि ‘काही निघाले नाही’ असा रिपोर्ट

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावच्या एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय ४४ वर्षे. एका आरोग्य शिबिरात त्यांनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घेतली होती. त्याचा रिपोर्ट त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, काही निघालं नाही ना? शिबिरातल्या मुलीनं फोनवर सांगितलं, काही निघालं नाही म्हणून.’’

मी रिपोर्ट वाचला. त्यात लिहिले होते की पेशी अपुऱ्या आहेत, ज्या आहेत त्या वाळलेल्या आहेत, त्यामुळे मत देता येत नाही, नमुना पुन्हा पाठवावा. म्हणजे फोनवरची मुलगी खोटे बोलली नव्हती. काही निघाले नव्हते हे खरेच. परंतु ‘दोष निघाला नाही’ आणि ‘तपासण्यासारखे काही निघाले नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भाषेत दोन्हींना एकच वाक्य पुरते आणि तिथेच घोटाळा होतो.

हा घोटाळा किती महाग पडतो, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. आजचा लेख लिहिण्याचे तेच कारण.

माझ्या हातून झालेली चूक

गोष्ट २००४ सालची. ऊसतोडीला जाणाऱ्या एक बाई नवऱ्याबरोबर माझ्या दवाखान्यात आल्या. वय चाळिशीच्या आसपास. अंगावरून पांढरे जात होते आणि मध्येच लाल डाग पडत होते. तपासताना पिशवीचे तोंड लालसर दिसले, हात लागताच थोडे रक्त आले. मी ब्रशने नमुना घेतला आणि काचपट्टीवर पसरला. एवढ्यात बाहेर मोटारसायकलच्या अपघातातला एक मुलगा आणला गेला. मी त्याच्याकडे धावलो. काचपट्टी टेबलावर, डोक्यावर पंखा चालू. दहा-पंधरा मिनिटांनी आठवण झाली तेव्हा ती अल्कोहोलच्या बरणीत टाकली आणि शहरातील प्रयोगशाळेकडे पाठवून दिली.

बारा दिवसांनी रिपोर्ट आला. पेशी वाळलेल्या, मत देता येत नाही. मी कंपाउंडरला म्हटले, ‘‘त्यांना निरोप द्या, त्यात काही निघालेलं नाही, परत यायला सांगा.’’ निरोप वाडीवर पोहोचेपर्यंत त्यातला पहिलाच अर्धा भाग शिल्लक राहिला. बाई निर्धास्त झाल्या आणि दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर गेल्या. दुसऱ्या वर्षीही गेल्या. दोन वर्षांनी परत आल्या तेव्हा रक्तस्राव थांबत नव्हता आणि आजार पिशवीच्या बाहेर पसरलेला होता. विजेचे शेक घेण्यासाठी त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. पुढे त्या तीन वर्षे जगल्या.

यात माझ्या तीन चुका झाल्या. काचपट्टी वाळू दिली, ही पहिली. निरोप अर्धवट दिला आणि त्याचा पाठपुरावा केला नाही, ही दुसरी. तिसरी चूक सर्वांत मोठी. हात लावताच रक्त येणाऱ्या, डाग पडणाऱ्या जागेसाठी ब्रशच्या नमुन्यावर थांबायचेच नसते. तिथला तुकडा काढून तपासावा लागतो. त्या दिवशीच मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवायला हवे होते.

आता मूळ विषयाकडे वळू.

ब्रशने पेशी घेतात म्हणजे काय?

आपल्या त्वचेचा कोंडा पडतो हे सर्वांना माहीत आहे. तोंडाच्या आतील अस्तर, श्वासनलिका, गर्भाशयाचे तोंड या ठिकाणीही वरच्या थरातील पेशी सतत सुटत असतात. या पेशी मऊ ब्रशने अलगद गोळा करायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, या तपासणीला पेशीपरीक्षा किंवा सायटॉलॉजी म्हणतात. कापाकापी नाही, टाका नाही, भूल नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना घ्यायला तर पाच मिनिटेही लागत नाहीत.

‘पॅप’ हे नाव जॉर्ज पापानिकोलाऊ या डॉक्टरांवरून पडले. त्यांचा जन्म ग्रीसचा, कामाची जागा अमेरिकेतील न्यूयॉर्क. योनीतील स्रावाच्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात हे त्यांनी १९२८ साली मांडले, पण तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९४३ साली स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासह त्यांनी यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मग जगाचे लक्ष तिकडे गेले. त्यांच्या पत्नीने या संशोधनासाठी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले, ही गोष्टही सांगायला हवी. पुढे १९४७ साली कॅनडातील डॉ. एअर यांनी पेशी खरवडून घेण्यासाठी लाकडाची एक विशिष्ट आकाराची पट्टी सुचवली. ब्रशचा वापर १९८० नंतरच्या दशकात वाढला.

पट्टी असताना ब्रश कशाला? याचे उत्तर शरीररचनेत आहे. गर्भाशयाच्या तोंडावर दोन प्रकारची अस्तरे एकमेकांना भेटतात. बाहेरच्या बाजूचे जाड व गुळगुळीत, आतल्या नळीचे नाजूक. या दोहोंच्या शिवेवरच कर्करोगाची सुरुवात बहुतेक वेळा होते. तरुण वयात ही शीव बाहेर, डोळ्यांना दिसेल अशा जागी असते. वय वाढते, पाळी जाते, तशी ती आत नळीत सरकते. तिथे पट्टी पोहोचत नाही, बारीक ब्रश पोहोचतो. म्हणून पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये ब्रशचे महत्त्व अधिक.

तपासणीला जाण्यापूर्वी

नमुना चांगला यावा यासाठी रुग्णाच्या हातातही काही गोष्टी आहेत.

तपासणी पाळीच्या दिवसांत करू नये. रक्तामुळे पेशी झाकल्या जातात. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले असता साधारण दहाव्या ते विसाव्या दिवसाच्या दरम्यानचा काळ योग्य.

आधीचे दोन दिवस योनीमार्गात कोणतेही मलम, गोळी किंवा क्रीम वापरू नये. आतून धुऊन घेऊ नये. ‘तपासायला जायचंय, स्वच्छ होऊन जावं’ या विचाराने पुष्कळ भगिनी आतून धुतात आणि नेमक्या हव्या त्या पेशी वाहून जातात. बाहेरून नेहमीची आंघोळ पुरे. याच दोन दिवसांत पती-पत्नी संबंधही टाळावा.

गर्भारपण असेल, तांबी बसवलेली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, पूर्वी असा रिपोर्ट आला असेल किंवा विजेचे शेक घेतले असतील, तर ते न विचारताही सांगावे. गर्भवती स्त्रीमध्ये नळीत घालायचा ब्रश वापरत नाहीत. तांबी किंवा शेक यामुळे पेशींचे रूप बदललेले दिसू शकते. ही माहिती कागदावर नसेल तर सूक्ष्मदर्शकातून पाहणारा डॉक्टर विनाकारण गोंधळात पडतो.

मात्र पाळी सोडून इतर वेळी रक्त जात असेल, संबंधानंतर डाग पडत असेल किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले असेल, तर दिवस मोजत बसू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे.

नमुना घेताना

टेबलावर पाठीवर झोपवून, गुडघे वर करून, स्पेक्युलम नावाचे उपकरण अलगद आत बसवतात. ते पाण्याने ओले केलेले बरे. जेलीसारखा पदार्थ जास्त लावला तर तोच काचपट्टीवर येतो. पिशवीचे तोंड पूर्ण दिसल्याशिवाय नमुना घेऊ नये. अंदाजाने घेतलेला नमुना फक्त योनीच्या भिंतीचा असतो.

आधी पट्टी, मग ब्रश, हा क्रम पाळतात. ब्रशने थोडे रक्त येऊ शकते, म्हणून तो शेवटी. पट्टी तोंडावर टेकवून पूर्ण एक फेरा फिरवतात. ब्रश नळीत इतपतच घालतात की खालचे केस बाहेर दिसत राहतील, आणि पाव ते अर्धा फेरा देतात. जास्त गरगर फिरवला तर पेशींपेक्षा रक्तच जास्त येते. स्त्रीला थोडे ओढल्यासारखे वाटते. नंतर एखादा दिवस हलका डाग पडला तर घाबरू नये.

इथे एक विनंती. तपासणीच्या वेळी जवळ सिस्टर किंवा नात्यातली बाई असावी, अंगावर चादर असावी, आणि डॉक्टरांनी काय करणार हे आधी सांगावे. तसे नसेल तर रुग्णाने मागून घ्यावे. स्त्री आखडून बसली की स्पेक्युलम नीट बसत नाही आणि नमुनाही नीट येत नाही.

खरी कसोटी पहिल्या काही सेकंदांची

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, ज्यात मी २००४ साली चुकलो.

ब्रशवर आलेल्या पेशी ओल्या असतात. त्या काचपट्टीवर आल्या की काही सेकंदांत वाळू लागतात. अंडे वाटीत असताना त्याचा बलक गोल आणि घट्ट दिसतो. तेच अंडे तव्यावर फोडले की ते पसरते. वाळणाऱ्या पेशीचे असेच होते. ती चपटी होऊन पसरते, तिच्या मधला केंद्रभाग फुगल्यासारखा मोठा आणि फिकट दिसू लागतो. कर्करोगाची एक मुख्य खूण मोठा झालेला केंद्रभाग हीच आहे. म्हणजे वाळलेली चांगली पेशी संशयास्पद वाटू शकते आणि खरी बिघडलेली पेशी ओळखू येईनाशी होते. दोन्ही बाजूंनी फसवणूक.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच तयारी हवी. काचपट्टीच्या खरखरीत टोकावर रुग्णाचे नाव व क्रमांक शिसपेन्सिलीने लिहून ठेवायचा. शाई अल्कोहोलमध्ये निघून जाते. मग नाव नसलेली काचपट्टी कोणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. अल्कोहोलच्या बरणीचे झाकण आधीच काढलेले हवे. पंखा बंद हवा.

ब्रश काचपट्टीवर घासायचा नाही. पोळीवर लाटणे फिरवावे तसा तो हलक्या हाताने गोल फिरवत न्यायचा. घासला की पेशी फाटतात, चिरडतात. थर पातळ व सारखा हवा. गोधडीसारखा जाड थर दिला तर खालच्या पेशी दिसतच नाहीत.

लगेच, म्हणजे त्याच क्षणी, काचपट्टी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायची. जखम पुसण्याचे नेहमीचे स्पिरिट यापेक्षा सौम्य असते, ते या कामाचे नाही. बरणीत काचपट्टी निदान पंधरा ते तीस मिनिटे तरी राहिली पाहिजे. दोन काचपट्ट्या असतील तर त्या एकमेकींना चिकटू नयेत. बरणीऐवजी फवारा वापरणार असाल तर साधारण एक वीत अंतरावरून मारायचा. जवळून मारला तर जोराने पेशी उडून जातात, लांबून मारला तर त्या पोहोचेपर्यंत वाळतात.

काचपट्टी पाठवताना आणखी एक काळजी. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत ठेवतात. ती बाटली आणि पेशींच्या काचपट्ट्या एकाच डब्यात पाठवू नयेत. फॉर्मेलिनची वाफ झाकणातूनही येते आणि तिच्यामुळे काचपट्टीवरचा रंग बिघडतो. काचपट्ट्या त्यांच्यासाठीच्या खाचांच्या डबीत, वेगळ्या पाठवाव्यात.

बाटलीतला नमुना

आता अनेक ठिकाणी काचपट्टीऐवजी औषधी द्रावाची छोटी बाटली वापरतात. झाडूसारख्या दिसणाऱ्या मऊ ब्रशचे मधले लांब केस नळीत आणि बाजूचे केस तोंडावर टेकवून तो एकाच दिशेने पाच वेळा फिरवतात. मग तो बाटलीत. यात दोन पद्धती आहेत. एका कंपनीच्या बाटलीत ब्रश तळाला दहा वेळा दाबून खळबळून काढून टाकायचा असतो. दुसऱ्या कंपनीच्या बाटलीत ब्रशचे डोके तोडून आतच सोडायचे असते. कोणती बाटली आहे हे पाहून तसे केले पाहिजे. उलटसुलट केले तर अर्ध्या पेशी ब्रशबरोबर कचऱ्यात जातात.

या पद्धतीचा फायदा असा की वाळण्याचा प्रश्न जवळजवळ राहत नाही, रक्त व चिकट स्राव बराचसा वेगळा होतो, आणि त्याच बाटलीतून एच.पी.व्ही. या विषाणूची तपासणीही करता येते. तोटा खर्चाचा. पण साधी काचपट्टी नीट केली तर तीही उत्तम काम देते, हे विसरू नये.

रिपोर्ट कसा वाचावा

रिपोर्टवर सर्वांत आधी पाहायची ओळ म्हणजे नमुना पुरेसा आहे की नाही. साध्या काचपट्टीवर नीट दिसणाऱ्या निदान आठ हजारांच्या आसपास पेशी असाव्यात, बाटलीच्या पद्धतीत पाच हजार, असा दंडक आहे. ही ओळ वाचल्याशिवाय खालचे काही वाचू नये.

‘अनसॅटिसफॅक्टरी’ असे लिहिले असेल तर तपासणी झालेली नाही, असे धरावे. साधारण दोन ते चार महिन्यांत नमुना पुन्हा द्यावा. दुसऱ्यांदाही तसेच आले तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून दुर्बिणीने, म्हणजे कॉल्पोस्कोपीने, पाहून घ्यावे. आणि रक्त जात असेल तर दोन महिने थांबण्याचाही प्रश्न नाही.

‘एन.आय.एल.एम.’ ही अक्षरे असतील तर कर्करोगाची किंवा त्याच्या आधीच्या बदलाची खूण दिसली नाही. खरे ‘काही निघाले नाही’ ते हेच.

‘एस्कस’ म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण नक्की सांगता येत नाही. यातले पुष्कळ बदल साध्या दाहामुळे असतात. विषाणूची तपासणी किंवा काही काळाने पुन्हा नमुना, असे डॉक्टर ठरवतात.

‘एल.सिल’ म्हणजे सौम्य बदल, तो अनेकदा आपोआप जातो, पण पाठपुरावा हवा. ‘एच.सिल’ म्हणजे तीव्र बदल. हा अजून कर्करोग नव्हे, पण उपचार न केल्यास पुढे तसा होऊ शकतो. इथे दुर्बिणीची तपासणी व तुकडा काढणे टाळू नये. या पायरीवर बिघडलेला भाग जाळून, गोठवून किंवा काढून टाकता येतो आणि पिशवी वाचते.

दुसऱ्या बाजूने एक इशारा. पांढरे जाते म्हणून ‘पुढं कॅन्सर होईल, पिशवीच काढून टाका’ असा सल्ला कोणी दिला, तर आधी पेशींचा रिपोर्ट मागावा. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, तो वाचकांना आठवत असेल. पाच मिनिटांच्या तपासणीचे काम मोठ्या शस्त्रक्रियेकडून करून घेऊ नये.

तोंड आणि फुप्फुस

ब्रशची तपासणी फक्त स्त्रियांची नाही. तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी यांची सवय असलेल्यांच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा पडतो. त्यावर कडक ब्रश बारीक रक्ताचे टिपके दिसेपर्यंत फिरवून सर्व थरांतील पेशी घेता येतात. पण तोंडाच्या बाबतीत ब्रश ही चाळणी आहे, निकाल नव्हे. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, कडक गाठ, कमी होत चाललेले तोंड उघडणे, यांना तुकड्याची तपासणीच हवी. ‘ब्रशमध्ये आलं नाही’ म्हणून स्वस्थ बसू नये.

छातीत डाग असून बेडक्यात काही सापडत नसेल तर दुर्बीण श्वासनलिकेत घालून तिच्यातून बारीक ब्रश पुढे नेतात. यासाठी काही तास उपाशी राहावे लागते आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असल्यास त्या आधी सांगाव्या लागतात. नंतर एखादा दिवस थुंकीत किंचित रक्त दिसू शकते. जास्त आले किंवा दम लागला तर लगेच रुग्णालय गाठावे. या काचपट्ट्यांनाही तोच नियम, क्षणात अल्कोहोल. मात्र त्याच वेळी क्षयाचे जंतू वाढवून पाहण्यासाठी जो भाग ठेवायचा तो निर्जंतुक सलाईनमध्ये, अल्कोहोल किंवा फॉर्मेलिनमध्ये कधीच नाही. त्यात जंतू मरतात आणि क्षय असूनही रिपोर्ट कोरा येतो. नमुन्याची बाटली नातेवाईकांच्या हाती देऊन ‘लॅबमध्ये नेऊन द्या’ असे सांगितले जाते. तेव्हा ती बाटली कोणत्या तपासणीची आणि आत काय आहे, हे विचारून घ्यावे.

एकदा तपासले की झाले का?

नाही. पेशीपरीक्षेत एखाद्या वेळी बदल निसटू शकतो. म्हणून ती ठरावीक वर्षांनी पुन्हा करायची असते. आपल्याच भागातील एक मोठे काम या बाबतीत जगभर गाजले. त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर टाटा मेमोरियल रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी अभ्यास केला. २००९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या पेशीपरीक्षेने तसा ठळक फरक दिसला नाही. विषाणूच्या तपासणीचा नमुनाही ब्रशनेच घेतात, आणि तो स्त्रीला स्वतःही घेता येतो.

मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, पातळ ॲसिटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची पद्धत वापरली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणीसाठी हीच पद्धत ठरवलेली आहे. एच.आय.व्ही. असलेल्या स्त्रियांनी पंचविशीपासूनच आणि अधिक वेळा तपासून घ्यावे.

हे सर्व का करायचे? २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या. हा आजार एका रात्रीत होत नाही. विषाणूची लागण झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. एवढ्या काळात एखादी तरी नीट तपासणी व्हावी, एवढीच अपेक्षा.

एवढे विचारून घ्या

नमुना दिल्यावर बाहेर पडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. रिपोर्ट कोणत्या तारखेला मिळेल? तो मला कोण देणार? नमुना अपुरा निघाला तर मला कोण कळवणार? रिपोर्ट हातात आल्यावर चौथा प्रश्न : नमुना पुरेसा होता का? हे विचारण्यात संकोच कसला? डॉक्टरांना राग आला तरी चालेल.

२००६ सालापासून माझ्या टेबलावर एक वही आहे. पाठवलेला प्रत्येक नमुना तीत लिहितो. रिपोर्ट आल्याची तारीख, रुग्णाला तो कोणी सांगितला, आणि ‘पुन्हा’ असे असल्यास पुढची तारीख. टोळीवर जाणाऱ्या बायांच्या नावापुढे मुकादमाचा फोन नंबरही लिहितो. ‘काही निघाले नाही’ हे शब्द दवाखान्यात कोणीही वापरायचे नाहीत, असा नियम केला आहे. ‘तपासणी झाली, दोष नाही’ किंवा ‘तपासणी झालीच नाही, परत या’ यांपैकी एकच वाक्य सांगायचे.

शिक्षिकाबाईंना मी दुसरे वाक्य सांगितले. त्यांना कोणताही त्रास नव्हता, म्हणून पुढच्या नमुन्याची तारीख पाळीचे दिवस मोजून वहीत लिहिली आणि त्यांच्या कॅलेंडरवर खूण करायला सांगितले. जाताना त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, त्या शिबिरात आमच्या शाळेच्या आणखी सहा जणी होत्या. त्यांनाही तसाच फोन आलाय.’’ मी म्हटले, ‘‘सगळ्यांना रिपोर्टचा कागद घेऊन पाठवा.’’

वाचकहो, आपल्याही घरात असा एखादा रिपोर्ट कपाटात पडला असेल. आज काढून त्याची पहिली ओळ वाचा.

(पुढील आठवड्यात : मुलींसाठी एच.पी.व्ही. लस, कोणी घ्यावी आणि केव्हा?)